गुडघ्यानंतरचा पहिला सामना

पांढुर्ण्याच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथालय सांभाळते. तिथं शिकणारी एक उंच मुलगी तिगाववरून यायची आणि मुलींच्या बास्केटबॉल संघात सेंटर खेळायची. वरच्या फळीवरचं पुस्तक मला तीच स्टुलाशिवाय काढून द्यायची.

उंची पाहून पहिल्या वर्षी खेळाच्या सरांनी तिला बास्केटखाली उभं केलं. पण कोणाला धक्का लागला की ती खेळ सोडून "सॉरी वं" म्हणत बसायची, आणि बॉल दुसरीच घेऊन जायची. दुसऱ्या वर्षी ती पाय रोवून जागा धरायला शिकली. त्याच वर्षी सरावात तिच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशननंतर ती कित्येक महिने माझ्यापाशी पाय लांब करून वाचत बसे.

"सोड न आता हा खेळ," मी एकदा म्हटलं. "पुन्हा पडली तं?"

"उडी मारता येते सगळ्यायले," ती हसली. "मी खाली यायले शिकून राहिली, ताई."

यंदा सौंसरच्या संघाविरुद्ध ती पुन्हा खेळली. बास्केटवरून उसळलेल्या बॉलसाठी तिनं उडी मारली, समोरची पोरगी तिच्यावर आदळली आणि दोघी धाडकन पडल्या. प्रेक्षकांत बसलेली मी ताडकन उभी राहिले. ती हलत नव्हती.

मग तिचा आवाज आला, "तुले लागलं का वं?"

समोरचीनं नाही म्हटल्यावर तिनं स्वतःचा गुडघा हळूच वाकवून पाहिला, बॉल काखेत धरला आणि उठली.

मी मटकन खाली बसले, डोळे पुसू लागले.

शेजारची बाई घाबरली. "काय झालं जी?"

"काही नाही झालं," मी म्हटलं. "काहीच नाही झालं."