सरणावर शिजलेलं मटण

आमच्या बाबांनी मरणाची तयारी जय्यत ठेवली होती; घोळ मी घातला.

बाबांचं वय ब्याऐंशी. खर्डीजवळच्या आमच्या घराच्या पडवीत त्यांनी आंब्याची लाकडं फोडून, रचून, चार वर्षं सुकवली होती. स्वतःच्या सरणासाठी! पाहुण्याला चहाआधी लाकडं दाखवायचे. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र घेत नसत. म्हणायचे, "भात कापलं, झोडलं, कणगीत भरलं. आता शेतात उभा राहून काय करू?"

मला हे मुळीच पटत नसे. मी शाळामास्तर. जगणं अनमोल आहे, या विषयावर मी पाऊण तास बोलू शकतो (पोरं साक्षीदार आहेत). बाबा दुसऱ्याच मिनिटाला घोरायला लागत. शहापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गोळ्या नसतील तर कधी काय होईल नेम नाही. मला खरंच धास्ती वाटायची.

तशात माझ्या मुलीची हळद आली. मटणाची पातेली चुलीवर चढली आणि ओली लाकडं पाहून आचाऱ्यानं हात टेकले. मांडवभर धूर. बाबा देवळात गेलेले. मी पडवीकडे पाहिलं. मेल्यानंतरच्या सोयीपेक्षा जिवंत माणसांची भूक मोठी, असा सुविचार मला सुचला आणि मी लाकडं काढून दिली. सगळी!

बाबा परतले तेव्हा पंगत बसली होती. रिकामी पडवी पाहून ते मांडवात आले आणि शांतपणे म्हणाले, "मंडळी, सावकाश जेवा. माज्या सरणावर शिजलंय."

दोनशे घास जागच्या जागी थांबले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं की लाकडं उरली असती तर माझ्याच कामी आली असती. शेवटी थोरल्या आत्यानं रस्सा भुरकला आणि मटण झकास झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे जेवणं पुढे सरकली.

बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी बांधावरचा आंबा तोडायला लावला, नवी लाकडं रचून घेतली आणि माझ्यापुढे हात पसरला.

"गोळ्या दे."

"कसल्या?"

"रक्तदाबाच्या. लाकडं वली हायेत. ती सुकंपर्यंत मला मरता येल का? नुसता धूर झाला तर गाव नावं ठेवल."

माझ्या इतक्या वर्षांच्या व्याख्यानांनी जे झालं नाही, ते ओल्या आंब्यानं केलं. मी इतका खूश झालो की महिन्याभरानं स्वतः त्यांना शहापूरला तपासणीला नेलं. बाबांचा रक्तदाब उत्तम निघाला. आलोच आहोत तर माझाही बघा, म्हटलं. डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला, पुन्हा बांधला, तिसऱ्यांदा बांधला, आणि मग मला गोळ्या लिहून दिल्या. बाबांच्या दुप्पट.

परतताना रिक्षात बाबा बराच वेळ माझ्या पोटाकडे निरखून बघत होते. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आणखी एक झाड तोडाय लागंल रे. तुला एवढ्यात भागायचं नाय."