ज्याचं घर त्याच्या नावावर

वंदना साळवे गेल्याचं मला त्यांच्या यजमानांच्या, भास्कररावांच्या फोनवरून कळलं. "झोपेतच गेली," ते म्हणाले. त्याला आता महिना होत आला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सोनईजवळच्या एका कॉलेजात आम्ही एकत्र शिकवत होतो. मी पदार्थविज्ञान, त्या संगणक. त्या मूळच्या मिरजगावच्या. वडील जन्मभर दुसऱ्यांच्या रानात राबलेले. घरात पदवी घेणाऱ्या त्या पहिल्याच. रागावल्या की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. कॉलेजात एकच दमदार मशीन होतं, लिनक्सवर चालणारं. बाकीचे पडदे आणि कीबोर्ड त्यालाच जोडलेले, त्यामुळे सगळ्या मुलांचं काम एकाच डिस्कवर. एका वर्षी कुणीतरी, चुकून की मुद्दाम ते कळलं नाही, शैला नावाच्या मुलीचं सगळं काम पुसून टाकलं. शैला नापास झाली, घरच्यांनी लग्नाचं काढलं. वंदनाताई तिच्या वस्तीवर गेल्या. "एक साल थांबतो मॅडम, पुढं न्हाई," एवढं तिच्या वडिलांनी कबूल केलं.

म्हणून पुढच्या वर्षी ताईंनी डिस्कमध्ये मुलांसाठी बंद कप्पा केला. त्याला चेंजरूट म्हणतात. आत बसलेल्याला तो कप्पा म्हणजेच सगळं मशीन वाटतं. बाहेरच्या फायलींना त्याचा हात लागत नाही. आत प्रत्येकाला आपापलं फोल्डर. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या सकाळी मुलांना बसवून पाहिलं, तर एकाचीही फाईल सेव्ह होईना. पडद्यावर एकच उत्तर, परवानगी नाही. "मॅडम, लिवलेलं ऱ्हाईना यात," शैला म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

विभागप्रमुख आले. "सगळ्यांना सगळं खुलं करून टाका. एका कमांडचं काम आहे."

"सर, मग कुणीही कुणाचंही पुसेल."

"उद्या बाहेरचे परीक्षक येणार आहेत. आणि तुम्ही अजून कायम झालेल्या नाहीत, मॅडम."

"दुपारपर्यंत थांबा," ताई हळू आवाजात म्हणाल्या.

त्या एकेक फोल्डर उघडून बघत राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या. "घरं मी बांधली, ती माझ्याच नावावर राहिली की. पोरांच्या नावावर करायचं राहूनच गेलं." मशीनच्या मुख्य खात्यातून केलेली ती फोल्डरं त्याच खात्याच्या मालकीची झाली होती. ताईंनी एकेक ज्याच्या त्याच्या नावावर केलं. फायली सेव्ह झाल्या, पण प्रोग्रॅम तयार होईनात. त्यासाठी मशीनला तात्पुरतं सामान ठेवायला एक सामाईक जागा लागते, आणि कप्प्यातल्या त्या जागेतही कुणाला लिहिता येत नव्हतं. ती मात्र त्यांनी सर्वांना खुली केली, एक नियम घालून: ठेवावं कुणीही, काढावं ज्याचं त्यानंच. "पाणवठ्यासारखं आहे," त्या मला म्हणाल्या. "भरायला सगळ्यांना मोकळा. दुसऱ्याची घागर उपडी करायची नाही."

परीक्षा सुरळीत झाली. शैला पास झाली. पुढे नगरला नोकरीला लागली आणि लग्न स्वतःच्या पसंतीनं केलं. विभागप्रमुखांनी तो विषय पुन्हा काढला नाही. ताईंना कायम व्हायला मात्र आणखी बरीच वर्षं लागली...

परवा मी त्यांच्या घरी गेलो होतो. धाकटी मुलगी चहा घेऊन आली. आतल्या खोलीत ताईंचं लोखंडी कपाट दिसत होतं. भास्करराव म्हणाले, "तिच्या साड्या वाटून टाका म्हणतात सगळे." कपाटाला कुलूप नव्हतं. अजून ते कुणी उघडलेलं नाही.