मुरलेल्या चुन्याचे अंदाजपत्रक

प्रमिलाताई खरात यांना मी पहिल्यांदा पाहिले ते एका खडाजंगीच्या बैठकीत. जुन्या शहरातल्या निजामकाळातल्या वाचनालयाचे छत गळत होते. दुरुस्तीचा निधी मंजूर होता. मात्र मार्चअखेर खर्च झाला नाही तर तो परत जाणार होता, आणि इमारत पाडण्याची भाषा सुरू झाली होती. मी बातमीसाठी गेलो होतो. जुन्या इमारतींच्या वास्तुविशारद म्हणून ताई अंदाजपत्रक घेऊन आल्या होत्या.

त्यात चुना भिजवून मुरत ठेवण्यासाठी काही महिने धरलेले होते. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेब हसले.

"बाई, इतके महिने काम नाय, अन् खर्च हाय? कुठंतरी पाणी मुरतंय बघा!"

"मुरतंय ना, तुमच्या छतात," ताई म्हणाल्या. "म्हणून तर चुना मुरवायचाय."

"सिमेंट मारा, महिन्यात मोकळं!"

"सिमेंट ओल आत कोंडतं, भाऊसाहेब. भिंत फुगली की पुन्हा मलाच बोलवाल. अन् मी लई भांडते."

निधीचा धोका त्यांनी आधीच ओळखला होता. टेकू, पन्हाळी, सागवान आणि चुन्याचे हौद हा टप्पा मार्चपूर्वीचा. चुना मुरेपर्यंत नवे आर्थिक वर्ष लागणार, तेव्हा त्या वर्षाच्या निधीतून छत आणि भिंती. एक रुपयाही परत गेला नाही.

अंदाजपत्रकातली पहिली बाब मात्र निराळीच होती: आवारात पत्र्याची शेड आणि पंखे. स्पर्धा परीक्षांची मुले वाचनालयात रोज अभ्यासाला येत.

"हे दुरुस्तीत कसं बसतं?" भाऊसाहेबांनी विचारले.

"पोरं दुसरीकडं गेली, तर दुरुस्त करून कुणाला बसवायचं?"

शेड झाली. अभ्यास एक दिवसही थांबला नाही. काम सुरू असताना ताई दुपारचा डबाही त्या मुलांतच बसून खात.

काम पुरे झाल्यानंतरच्या पावसाळ्यात एका धो धो दुपारी भाऊसाहेब छत्री झटकत वाचनालयात आले. भिंतीवर तळहात फिरवला, छताकडे पाहिले आणि तिथूनच फोन लावला. "ताई, पाणी नाय मुरलं!" 'बाई'ची 'ताई' झाली ती तेव्हापासून.

आज पंचाहत्तरीत ताई खुलताबादजवळच्या एका जुन्या सराईचे अंदाजपत्रक मांडत आहेत. चुना मुरवायचे महिने त्यात आहेतच. ते महिने आणि त्या सराईच्या छतावरून निथळून जाणारे कितीतरी पावसाळे ताईंनी धडधाकट राहून पाहावेत, आणि आमच्याशी असेच लई भांडावे.