लाल बटण

नेपाळमधल्या ट्रेकला आमच्या गटातल्या एका गृहस्थांकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र होतं. फोन न लागणाऱ्या डोंगरातही त्याचं लाल बटण दाबलं की मदत येते. खिंड उतरल्यावर ते दगडावर बसले, "आता चालायचा कंटाळा आला," म्हणाले आणि त्यांनी चक्क बटण दाबलं.

हेलिकॉप्टर दिसताच त्यांनी खिशातून कंगवा काढून भांग पाडला.

"पेशंट कोण?" वैमानिकाने विचारलं.

"मीच. गुडघे जरा कुरकुरतायत."

वैमानिक म्हणाला, "पलीकडच्या दरीत एक बाई कड्यावरून पडलीय. तुमचा संदेश आधी आला म्हणून इकडे आलो."

"मग जा ना तिकडे!" आमच्यातल्या वंदनाताई ओरडल्या. हेलिकॉप्टर तसंच उडालं.

मला शिसारी आली. कोणीतरी जिवाच्या आकांताने हाक मारतंय, एवढ्या विश्वासावर माणसं आपला जीव धोक्यात घालून धावत येतात. त्या विश्वासाची यांनी रिक्षा केली होती.

पुढची वाट ते व्यवस्थित चालले. संध्याकाळी मुक्कामावर कळलं, ती बाई वाचली. "बघा, झालं ना सगळं नीट?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. मी चहाचा पेला उचलला आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.