तात्यांची मेंढरं

चष्मा कपाळावर ठेवून तोच घरभर शोधणाऱ्या लेकरांनो, गेल्या दिवाळीला मी काय मागवलं होतं, आठवतंय का कुणाला? नाही ना... मला अक्षर येत नाही म्हणून नातीकडून हे लिहून घेतेय. लिहायचं काम तुमचं, आठवायचं माझं.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. मी आठ-नऊ वर्षांची. आम्ही माणदेशातले, मेंढरं राखणारे. एका दुष्काळात माझ्या थोरल्या चुलत्यांची, तात्यांची, सगळी मेंढरं गेली... आणि तात्या पांढऱ्या गारगोट्या गोळा करून त्यांना चारायला नेऊ लागले.

मला तर मजाच वाटायची. संध्याकाळी ते दगडांचं गोल कुंपण करायचे, गारगोट्या आत कोंडायचे, आणि दाराला बाभळीचा काटा, म्हणजे काटेरी फांदी, लावायचं काम माझं. मी काटा लावल्याशिवाय तात्या जेवत नसत.

मग वडिलांनी त्यांना साताऱ्याकडच्या वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. गावात सांगितलं, थोरला मुंबईला गिरणीत लागलाय. पुढं तात्या तिथंच वारले, तिथंच त्यांना पुरलं... तरी गावाच्या लेखी ते गिरणीतच. मेल्यावरही कामावर जाणारा आमच्या घरात तेवढा एकच!

एक दिवस बाजारात वडिलांना कळलं, दवाखान्यामागच्या थडग्यांवरचं रान काढायला साताऱ्याची पोरं श्रमदान करतायत. आईनं तात्यांच्या आवडीचं हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या पिठाचं, पातळ माडगं किटलीत भरून दिलं, सोबत वाट्या दिल्या. लेकीचा कान दुखतोय, डॉक्टरला दाखवतो, असं गावाला सांगून वडील मला घेऊन निघाले. माझे कान ठणठणीत होते.

तिथं पोचले आणि हबकलेच. मला वाटलं होतं, एकच थडगं असेल, आमचं. इथं घाणेरीच्या झुडपांखालून उंचवट्यामागून उंचवटे निघत होते... एकावरही नाव नाही. एवढी सगळी माणसं कुठल्या ना कुठल्या गावातून 'मुंबईला' गेलेली?

वडील किटली धरून नुसते उभे. ठेवायची तरी कुठल्या मातीपुढं? पोरं बिचारी मन लावून राबत होती. झुडपं तोडत होती, उंचवट्यांवरचे दगडगोटे टोपलीत टाकून नवी माती चढवत होती.

एका पोरानं असेच गोटे उचलायला हात घातला आणि मी किंचाळले. दगडांचं गोल कुंपण... आत पांढऱ्या गारगोट्या... दाराला बाभळीचा काटा.

काटा हिरवागार होता. त्याच दिवशी तोडलेला. तात्या जिवंत आहेत, असंच वाटलं मला.

तेवढ्यात दवाखान्याच्या कपड्यातला एक म्हातारा धावत आला. जतकडचा असावा, बोलण्याला कानडी वळण. "हात लावू नगा! मेंढरं बिथरत्यात!" पोरं हसली. वडील हसले नाहीत.

म्हातारा वडिलांचं तोंड न्याहाळत राहिला. नाक अगदी तात्यांचंच. "भाऊ येतोय, तवर राख म्हनला हुता," तो म्हणाला. "रोज सोडतो, रोज कोंडतो. एक बी गेलं न्हाई. आता नेताय न्हवं?"

वडील कुंपणाशी खाली बसले. म्हणाले, "न्हाई बाबा. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्यात."

अर्धं माडगं त्या कुंपणापुढं, म्हणजे तात्यांपुढं, ठेवलं, अर्धं म्हाताऱ्याला दिलं. वाटी तोंडाला लावायच्या आधी तो मला म्हणाला, "काटा सरकलाय बग पोरी. नीट लाव." मी लावला. मगच तो प्याला.

गावी परतल्यावर वडिलांनी पारावर बसून, सगळ्यांदेखत, थोरला कुठं होता ते सांगून टाकलं. ऐकून एक म्हातारी तेवढी म्हणाली, "पोरीचा कान बरा झाला का?"

तुम्हाला विसरभोळे म्हणते खरी, पण त्या माणसाचं नाव विचारायचं आम्हीही विसरलो. ज्यानं आमच्या माणसाचा शब्द पाळला, त्याला आजही मी नुसतं 'बाबा' म्हणून हात जोडते.

तर या दिवाळीला गेल्या वेळसारखी ती चकचकीत खोक्यातली मिठाई नको. माणातले हुलगे भाजून, दळून, पीठ पाठवा. दोघांपुढं ठेवता येईल एवढं... आणि मला चाखायला वर मूठभर.