पाठमोरा तास

नर्सची नोकरी संपली तरी सिस्टरांचा आवाज वॉर्डातलाच राहिला. बोलण्यात आडपडदा नाही, आणि समोरचा घाबरला की एकदम मऊ. नववीच्या मुलामुलींना शरीर, समागम आणि संसार समजावून सांगायला त्या शाळेत आल्या, तेव्हा निम्मा वर्ग खिदळला आणि उरलेल्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

सिस्टरांना वॉर्ड आठवला. पेशंटची पाठ पुसताना त्यांनी जे ऐकलं होतं, ते समोर बसून कधी कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळ्यांच्या खुर्च्या भिंतीकडे वळवल्या.

"आता कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. विचारा."

मग काय विचारता! प्रश्न थांबेनात. एका मुलीने हळूच विचारलं, "मी नको म्हटलं आणि तो सोडून गेला तर?"

"जाईना का! नको म्हटल्यावर जो थांबतो, त्याच्याशीच पुढचं बोलायचं. आणि त्याने नको म्हटलं तर तूही थांबायचं."

तासाची बातमी घरोघर गेली. हार्डवेअरच्या दुकानाचे मालक तणतणत शाळेत आले. त्यांची मुलगी याच वर्गात होती. मुख्याध्यापिकांनी पालकांची सभा बोलावली. बहुतेकांना नको असेल तर तास बंद. सिस्टरांना नोकरी संपल्याचं वाईट वाटलं नव्हतं, पण या विचाराने त्यांचा जीव तुटला.

सभेत हार्डवेअरवाले कडाडले, "पोरांना नको ते शिकवताय!" टाळ्या पडल्या. सिस्टर उठल्या.

"बोलते. आधी खुर्च्या वळवा."

कुरकुरत का होईना, सगळे भिंतीकडे तोंड करून बसले. मग एका आईने विचारलं, मुलगा हल्ली खोलीचं दार लावून बसतो, त्याच्याशी कुठून सुरुवात करू? एकाने विचारलं की दुसरा तयारच. आणि मग एक दणदणीत आवाज आला, जो गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही ओळखू येतो, पण आज चाचरत होता.

"घरात भांडण नाही. पण आमचं दोघांचं बोलणंच राहिलं नाही. ते... या वयात शिकता येतं का?"

कुणी हसलं नाही. कुणी मान वळवली नाही. सिस्टर त्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"येतं. आमचं एक अख्खं वर्ष अबोल्यात गेलं. एकदा जेवताना मीच यांना विचारलं, माझं काय आवडेनासं झालंय? उत्तर ऐकून असा राग आला म्हणता! पण बोलणं सुरू झालं. नातं टिकवायचं म्हणजे असं विचारत राहायचं. मी पोरांना हेच शिकवते."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तास बंद व्हावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

पाठमोऱ्या रांगांतून एकच हात वर आला. हार्डवेअरवाल्यांचा.

"बंद करू नका हो! मला एवढंच विचारायचंय, पुढच्या वेळी आमच्या हिला घेऊन येऊ का?"