अण्णांचं शेवटचं सोंग

हे मी आजवर कुणालाच बोललेलो नाही. लग्न झाल्यावर बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट कळत नाही – पण आता आत ठेववत नाही, एवढं खरं.

आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. त्याचा अभिमान आहे, तो मी कधी लपवला नाही. लपवलं ते दुसरंच. माझे वडील, अण्णा, बहुरूपी होते. खाकी चढवून, छातीला पत्र्याचा बिल्ला लावून दारोदार जायचे. "वॉरंट निघालंय तुमचं" म्हणून घरधन्याला दरडावायचे, घर हसून हसून बेजार झालं की झोळी पुढे करायचे. त्या झोळीवर मी इंजिनिअर झालो. आणि सिंगापुरात काय सांगायचो? वडील शेती करतात. गुंठाभर जमीन नव्हती आमची.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. सिंगापुरातच तुआसला नोकरी, हौगांगला भाड्याचा फ्लॅट. अण्णा दोन महिन्यांसाठी आले होते. शनिवारी दुपारी मी आपल्या मराठी मुलांच्या युवा गटाला मदत करायचो – बारा ते सोळा वर्षांची पोरं. त्या वर्षी त्यांना हॅलोविन हवं होतं. जिथे बारा महिने झाडं हिरवी, तिथे आम्ही पानगळीची म्हणून कागदाची लाल-पिवळी पानं कापत बसलो होतो. हॉल मुकुंदरावांच्या कोंडोतला, म्हणजे बड्या लोकांच्या सोसायटीतला. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्यासारख्यांत आपली ऊठबस आहे, याचंच मला कोण अप्रूप.

अण्णांना घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून सोबत नेलं. कोपऱ्यात बसवलं. गप्प बसा, असंही सांगितलं – हेही सांगायलाच हवं.

पोरांची तालीम चालली होती. वेष करून दारावर जायचं, गोळ्या मागायच्या. ईशा नावाची मुलगी होती, पंधराची. तिने विचारलं, "अंकल, कॉस्च्यूमला मराठीत काय म्हणतात?"

मी 'वेशभूषा' म्हणणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला. "सोंग म्हणत्यात, पोरी. आन् दारात जाऊन नुसतं वरडायचं नसतं."

अण्णा उठले. वॉचमनची टोपी टेबलावर होती, ती डोक्यावर ठेवली. बास, तेवढंच. पाठ ताठ झाली, आवाज बदलला, आणि ते थेट मुकुंदरावांसमोर. "नाव सांगा. वॉरंट निघालंय तुमचं. तीन दिस झाले, बायकूला हसवलं न्हाई. चला चौकीवर." हॉल हसत सुटला. "Damn funny lah, आजोबा," ईशा म्हणाली. "हॅलोविनला तुम्हीच पुढे चला ना." अण्णांचा चेहरा – तसा मी तो कितीतरी वर्षांनी पाहिला.

मुकुंदरावांनी डोळे पुसत विचारलं, "वडील नाटकात होते का हो?"

त्यांनी तर कौतुकानेच विचारलं होतं. नुसतं 'हो' म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण अण्णा सांगायला लागले – "नाटक न्हाई सायेब, आमी पिढीजात..." – आणि मी मध्येच बोललो. हसत बोललो. "मनावर घेऊ नका. वय झालंय. हल्ली डोकं ठिकाणावर नसतं त्यांचं, काहीही सांगतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने? नाही. गिऱ्हाईक काय मागतंय ते ओळखायला पाहावं, तसं. मग टोपी काढली. खांदे पडले, हात थरथरायला लागला. पायात चप्पल असताना म्हणाले, "माझी चप्पल कुठंय रं?"

मी दिलेलं सोंग त्यांनी तिथल्या तिथे घेतलं.

पुढचे तीन आठवडे ते मोडलं नाही. घरी आम्ही दोघेच असलो की चोख – भाकरी थापायचे, पेपर वाचायचे. पण माझ्या ओळखीचं कुणी आलं, की नजर रिकामी. त्या दुपारबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मी तरी कुठे बोललो? हॅलोविनला पोरं त्यांच्याशिवायच गेली.

ते परत निघाले त्या दिवशी ईशा आई-वडिलांबरोबर चांगी विमानतळावर आली. अडखळत, मोठ्या मेहनतीने म्हणाली, "आजोबा, वॉरंट निघालंय तुमचं." मला वाटलं, आता हसतील. अण्णांनी तिच्याकडे त्याच रिकाम्या नजरेने पाहिलं. "तू कुनाची गं?" म्हणाले. ती रडायला लागली. मी तिथेच उभा होतो, हातात त्यांचा पासपोर्ट धरून.

दोन वर्षांनी ते गेले, साध्या तापाने. शेवटपर्यंत गावातल्या प्रत्येक पोराचं नाव त्यांना तोंडपाठ होतं. त्यांचे दिवस उरकून मी इकडे सिंगापूरला परतल्यावर मुकुंदराव भेटायला आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुटले बिचारे. स्वतःची ओळखसुद्धा राहिली नव्हती त्यांना."

मी म्हणालो, "हो."